मुलीला अपस्मार असल्याचे शाळेत सांगावे का?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. बोलता बोलता ती मध्येच काही क्षण थांबून शून्यात पाहत राहते, म्हणून तपासणी केली. ईईजीनंतर (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीनंतर) तिला अपस्मार असल्याचे निदान झाले असून औषध सुरू आहे. शाळेत कळले तर मुलीवर कायमचा शिक्का बसेल, असे सासूबाई म्हणतात. लपवणे धोक्याचे आहे, असे यजमानांचे मत आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सासूबाईंची भीती निराधार नाही. अपस्माराविषयी आजही पुष्कळ गैरसमज आहेत. परंतु आपल्या मुलीला येणारे झटके काही सेकंदांचेच असतात, त्यात मूल पडत नाही आणि नंतर त्याला काही आठवतही नाही. त्यामुळे कारण ठाऊक नसलेल्या शिक्षकांना ते दुर्लक्षच वाटते. म्हणजे न सांगितल्यानेही शिक्का टळत नाही, ‘हिचे अभ्यासात लक्ष नसते’ असा दुसरा, तोही खोटा शिक्का बसतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की शाळेला सांगावे. मात्र सर्वांना नव्हे.

वर्गशिक्षक, मुख्याध्यापक आणि खेळाचे शिक्षक यांना माहिती असणे आवश्यक आहे. त्यांना भेटून, डॉक्टरांच्या सल्ल्याने लिहिलेले एक पानभर टिपण द्यावे. झटका कसा दिसतो, औषध कोणते आणि त्याने सुरुवातीला गुंगी येऊ शकते का, हे त्यात असावे. अशा काही मुलांना पुढे हातपाय आखडण्याचा मोठा झटकाही येऊ शकतो. तसे झाल्यास मुलीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, तिला दाबून धरू नये, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांहून अधिक लांबल्यास तातडीने रुग्णवाहिका बोलवावी, हेही लिहावे. पोहताना किंवा उंचावर चढताना मोठ्या माणसाचे लक्ष हवे. पण ‘काळजी’ म्हणून तिला सगळ्याच खेळांतून बाजूला बसवू नये, हे आग्रहाने सांगा. मुलांना बाजूला बसवले जाणे फार लागते.

शिक्षकांनी झटक्यांची नोंद ठेवली, तर औषधाची मात्रा ठरवताना डॉक्टरांना ती उपयोगी पडेल. ही माहिती वर्गासमोर उच्चारू नये, अशी विनंतीही लेखी करावी.

वर्गमैत्रिणींना सांगायचे की नाही, हे मात्र मुलीने ठरवावे. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या शरीरात काय घडते ते समजावून सांगता येते. ते शाळेतील भेटीपूर्वीच सांगा आणि आपण कोणाला काय सांगणार आहोत, हेही तिला आधी कळू द्या. कोणी विचारलेच तर ‘मला कधीकधी झटका येतो, थोड्या वेळाने मी ठीक होते, त्याचा संसर्ग होत नाही’ एवढे उत्तर तिच्याकडे तयार असले, की पुरे.