सागरी स्तंभ की सागरी सुळका?

मुलांसाठीच्या भूगोलाच्या पुस्तकाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: खडकाळ किनाऱ्याजवळ समुद्रात एकटा उभा असलेला उंच खडक, ज्याला इंग्रजीत ‘सी स्टॅक’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? पाठ्यपुस्तकांत ‘सागरी स्तंभ’ सापडतो, पण मुलांना तो परका वाटतो. आणि ‘लाटांच्या माऱ्यामुळे सागरी स्तंभ निर्माण होतात’ हे वाक्य ठीक आहे का?

माझं उत्तर: ‘सागरी सुळका’ म्हणा. आणि वाक्यातला ‘निर्माण होतात’ बदला. सुळका निर्माण होत नाही, तो उरतो. या दुसऱ्या मुद्द्याचं महत्त्व मला पहिल्यापेक्षाही जास्त वाटतं, कारण क्रियापद चुकलं की मुलाच्या डोक्यात प्रक्रियाच उलटी बसते. समुद्राने खालून काहीतरी वर ढकललं किंवा रचून उभं केलं, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात आजूबाजूचा सगळा डोंगर गेलेला असतो आणि हा एक तुकडा मागे राहिलेला असतो.

आधी ‘स्तंभ’ का नको ते सांगतो. मराठीत स्तंभ म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी उभारलेली गोष्ट: विजयस्तंभ, कीर्तिस्तंभ, देवळातले स्तंभ. समुद्राच्या संदर्भात तर गोंधळ आणखी वाढतो. दीपस्तंभ हा शब्द किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या तोंडात आहे. समुद्रावर वावटळीसारखा फिरणारा पाण्याचा लोट म्हणजे जलस्तंभ. भूशास्त्रातही स्तंभाची जागा आधीच भरलेली आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि पंचकोनी-षटकोनी खांबांची जुडी तयार होते. त्याला आपण स्तंभाकृती बेसाल्ट म्हणतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे त्याचं सुमारे ६० मीटर उंचीचं उदाहरण. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरही असेच खांब आहेत, आणि ते समुद्रात आहेत. ‘सागरी स्तंभ’ शिकून आलेला विद्यार्थी त्या बेटांवर गेला, तर समोरच्या खांबांना तेच नाव देईल. चूक त्याची नसेल, शब्दाची असेल. ते खांब लाव्हा थंड होताना तयार झाले, लाटांनी ते कोरलेले नाहीत.

‘सुळका’ मात्र सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसांनी वापरून वापरून पक्का केलेला शब्द आहे. माहुलीजवळचा वजीर सुळका, ढाकजवळचा कळकराय, रतनगडाच्या परिसरातला बाण, जीवधनची वानरलिंगी. मुख्य डोंगरापासून सुटलेला, चहूबाजूंनी उभ्या कड्यांचा, एकटा उभा असा खडक दिसला की गिर्यारोहक त्याला सुळकाच म्हणतात. तैलबैला दिसला की तिथे ‘भिंत’ म्हणतात, कारण तो लांबट आहे. इतका बारीक फरक बोलीत आधीच आहे. सह्याद्रीतले सुळके ऊन, पाऊस आणि ओढ्यांनी झिजून सुटले, त्यात लाटांचा हात नाही, म्हणून ‘सागरी’ हे विशेषण सोडू नका. पण ‘सुटून उरलेला’ हा गाभा दोन्हीकडे एकच आहे.

एक आक्षेप रास्त आहे. सुळका म्हटलं की सूळ आणि सुळा आठवतात आणि माथा टोकदार असेल असं वाटतं. सगळे सागरी सुळके टोकदार नसतात, काहींचे माथे सपाट असतात, काहींचे घुमटासारखे. तरीही मला हा दोष छोटा वाटतो, कारण बोलीत सुळका म्हणताना माथ्यापेक्षा सुटेपणा आणि उभे कडे जास्त मोजले जातात. आणि खुद्द इंग्रजी शब्द तरी काय सांगतो? ‘स्टॅक’ आला जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्टाक्कर’वरून, म्हणजे गवताची गंजी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवर वायकिंग लोक वसले आणि समुद्रातले हे खडक पाहून त्यांना आपल्या शेतातल्या गंज्या दिसल्या. त्यांनी त्यांच्या परिसरातला शब्द घेतला, आपण आपल्या डोंगरातला घेऊ.

आता सुळका उरतो कसा ते नीट पाहू, कारण त्या प्रत्येक टप्प्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे.

सुरुवात भूशिरापासून, म्हणजे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकापासून. लाट किनाऱ्याकडे येताना भूशिरासमोरच्या उथळ पाण्यात आधी मंदावते. बाजूच्या खोल पाण्यातला तिचा भाग मात्र पुढे धावत राहतो. त्यामुळे लाटेची रेघ वळते आणि भूशिराला दोन्ही बाजूंनी भिडते. खाडीच्या आतल्या पुळणीवर लाट पसरून सौम्य होते, टोकावर मात्र तिची ताकद एकवटते.

त्या ताकदीचं काम भेगांपासून सुरू होतं. लाट आदळली की भेगेत अडकलेली हवा दाबली जाते, लाट मागे सरली की ती झटक्यात सुटते, आणि हे दिवसरात्र चालतं. भेग रुंदावते, खडकाचे ठोकळे निखळतात. निखळलेले दगडगोटे लाटेच्या हातात येतात आणि तीच त्यांनी कड्याचा पायथा घासते. खडक चुनखडीचा असेल तर विरघळण्याची भर पडते. खारं पाणी सुकून मिठाचे स्फटिक वाढतात, तेही खडकाचे कण सुटे करतात. पायथ्याशी खाच पडते, खाच खोल होऊन गुहा होते. दोन बाजूंच्या गुहा पाठीला पाठ लावून भिडल्या, किंवा एकच गुहा आरपार गेली, की खडकाला भोक पडतं.

या भोकाला पुस्तकं ‘सागरी कमान’ म्हणतात. कमान वाईट शब्द नाही, पण तीही बांधायची गोष्ट. डोंगरातल्या आरपार भोकाला मराठीत ‘नेढं’ म्हणतात. राजगडाचं नेढं, रतनगडाचं नेढं, तिथे बसून वारा खाल्लेली हजारो माणसं आहेत. नेढं म्हणजे सुईचं भोक. योग असा की इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइटजवळ खडूच्या दगडाचे जे सुळके आहेत त्यांचं नाव ‘नीडल्स’, सुया. ज्या सुईसारख्या बारीक सुळक्यावरून ते नाव पडलं तो १७६४ च्या वादळात कोसळला. फ्रान्समध्ये एत्रेताच्या कड्यांशेजारी नेढं आणि सुळका जवळजवळ उभे आहेत आणि तिथेही सुळक्याचं नाव सुईच. म्हणून ‘सागरी नेढं’ हा शब्द मी आग्रहाने सुचवतो.

नेढ्याचं छत कधीतरी पडतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लंडन ब्रिज नावाचा, दोन नेढी असलेला चुनखडीचा खडक होता. १५ जानेवारी १९९० रोजी त्याचं किनाऱ्याकडचं नेढं कोसळलं. पलीकडच्या भागावर गेलेले दोन पर्यटक तिथेच अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. एका क्षणात भूशिराचं टोक समुद्रातला सुटा तुकडा झालं. गॅलापागोसमधल्या डार्विन्स आर्चचं छत मे २०२१ मध्ये पडलं आणि दोन सुळके उभे राहिले. पण छत पडलं की सुळका उरेलच असं नाही. माल्टाची अझूर विंडो ८ मार्च २०१७ च्या वादळात गेली, तेव्हा तिचा बाहेरचा खांबही बरोबरच गेला.

पुस्तकातली गुहा, कमान, स्तंभ ही साखळी मुलांना इतकी पाठ असते की दुसरी वाट असू शकते हे त्यांना सुचतच नाही. खडकात उभी भेग सरळ माथ्यापर्यंत गेलेली असेल तर नेढं न पडताही सुळका सुटतो. भेग रुंद होत होत घळ होते आणि घळ पलीकडे निघाली की तुकडा वेगळा. गुहागर तालुक्यात हेदवीची बामणघळ पाहिली असेल तर हे लगेच कळेल. काळ्या कातळातली अरुंद चीर, भरतीला त्यात पाणी घुसतं आणि जोराने वर उसळतं. तिथे सुळका सुटलेला नाही, पण समुद्र भेग कशी धरतो ते डोळ्यांनी दिसतं. भाषांतरात अशा अरुंद सागरी फटीचा उल्लेख आला तर ‘घळ’ हा शब्द बिनधास्त वापरा.

खडकही उभा राहण्याजोगा हवा. मऊ माती ढासळून उतार होते, तिथे सुळका टिकत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतला ‘ओल्ड मॅन ऑफ हॉय’ १३७ मीटर उंच आहे. अंग आडव्या थरांच्या लाल वालुकाश्माचं आणि पायाला टणक बेसाल्ट. हा ‘म्हातारा’ भूशास्त्राच्या हिशेबाने काल जन्मलेला आहे, वय काही शतकांचंच. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम डॅनियल या चित्रकाराने तो रंगवला तेव्हा त्याला खाली दोन पाय होते आणि मध्ये नेढं. (काकांबरोबर भारतात येऊन घारापुरीच्या लेण्यांची चित्रं करणारा तो हाच डॅनियल.) पुढे एक पाय गेला. १९६६ मध्ये त्यावर पहिली यशस्वी चढाई झाली. आपल्याकडे जीवधनच्या वानरलिंगीला लोक ‘खडा पारशी’ म्हणतात. एकट्या उभ्या दगडात माणूस दिसणं दोन्हीकडे सारखंच.

बेसाल्टचा सुळका हवा असेल तर अमेरिकेत ओरेगॉनच्या कॅनन बीचवरचा हेस्टॅक रॉक घ्या, ७२ मीटर. नावातच गवताची गंजी आहे. कोलंबिया नदीच्या मुलखात जमिनीच्या भेगांतून निघालेला लाव्हा समुद्रापर्यंत वाहत आला, त्याचा हा उरलेला भाग. आपल्या दख्खनचा कातळही अशाच भेगांतून आलेल्या लाव्ह्याचा. तिथला सुमारे दीड कोटी वर्षांचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. मराठी मुलांच्या पुस्तकात हे उदाहरण जरूर घाला. काळा कातळ त्यांच्या ओळखीचा आहे.

शेवटचा टप्पा सुळका पडण्याचा. पायथ्याची खाच खोल गेली की तो कोसळतो आणि ओहोटीला दिसणारा बुटका दगड राहतो. त्याला ‘खुंट’ म्हणावं, तोडलेल्या झाडाचा असतो तसा. व्हिक्टोरियातल्या ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’पैकी एक सुळका ३ जुलै २००५ रोजी असाच कोसळला, तेव्हा नऊचे आठ झाले. नावात बारा असले तरी तिथे बारा कधीच नव्हते. या विशेषनामाचं ‘बारा प्रेषित’ असं भाषांतर मुख्य मजकुरात करू नका. नाव आहे तसं ठेवा आणि अर्थ एकदा सांगा. मूल नकाशावर शोधेल तेव्हा त्याला तेच नाव सापडलं पाहिजे.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘लाटा भूशिर दोन्ही बाजूंनी पोखरतात. खडकाला नेढं पडतं, त्याचं छत कोसळतं आणि समुद्रात एकटा सागरी सुळका उरतो.’ पहिल्यांदा येईल तिथे पुढे ‘पाठ्यपुस्तकात यालाच सागरी स्तंभ म्हणतात’ एवढं जोडा, म्हणजे परीक्षेत मुलाचं अडणार नाही. अनेकवचन सागरी सुळके, सामान्यरूप सुळक्या- (सुळक्यावर, सुळक्यांभोवती). नेढ्याचं अनेकवचन नेढी, आणि ‘नेढ्यातून’ लिहा, ‘नेढामधून’ नको.