वडिलांचा पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) वाढलाय, एमआरआयमध्ये संशयास्पद गाठ आहे. कॅन्सरऐवजी ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस (प्रोस्टेट ग्रंथीचा एक प्रकारचा दाह) असू शकतो का?

असू शकतो, पण ते बायोप्सीच सांगेल. पीएसए, बोटाने केलेली तपासणी आणि एमआरआय यांवरून खात्री होत नाही. या आजारातही प्रोस्टेट दगडासारखी टणक लागते, पीएसए चढतो आणि एमआरआयच्या रिपोर्टवर पाय-रॅड्स (कॅन्सरची शंका किती, हे सांगणारा १ ते ५ चा गुण) ४ किंवा ५ सुद्धा येतो. खरा फरक दिसतो बायोप्सीच्या स्लाइडवर, सूक्ष्मदर्शकाखाली. कॅन्सरमध्ये ग्रंथींच्या पेशीच बिघडलेल्या असतात. या दाहात फुटलेल्या ग्रंथींभोवती दाहपेशींचे पुंजके जमतात आणि त्यांत बऱ्याचदा अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी दिसतात. या दाहाच्या झँथोग्रॅन्युलोमॅटस प्रकारातल्या फेसाळ पेशी मात्र हाय-ग्रेड (जास्त आक्रमक) कॅन्सरसारख्याच भासतात. अशा वेळी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखण्याची तपासणी) करतात: दाहपेशी सीडी६८ या त्यांच्या खुणेला रंगतात, सायटोकेरॅटिन या ग्रंथीपेशींच्या खुणेला नाही.

युरोलॉजिस्टना हे आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका:

- मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मूत्राशयात बीसीजी (टीबीच्या लशीतलेच जिवाणू असलेलं औषध) सोडलं होतं का (हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच सांगायचं राहतं)
- पूर्वी टीबी झाला होता का
- अलीकडे लघवीचं इन्फेक्शन, टीयूआरपी (लघवीच्या मार्गातून प्रोस्टेट खरवडण्याची शस्त्रक्रिया) किंवा बायोप्सी झाली का

टीबीची शंका असेल तर बायोप्सीच्या त्याच तुकड्यांवर एएफबी स्टेन (टीबीचे जिवाणू रंगवून शोधण्याची तपासणी) करता येतो.

एक लक्षात घ्या: दाह सापडला म्हणजे कॅन्सर नाहीच, असं नाही. दोन्ही एकाच प्रोस्टेटमध्ये असू शकतात. त्यामुळे नंतरही पीएसए तपासत राहावा लागतो, आणि तो चढतच राहिला तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.