अभ्यासिकेच्या ग्रुपवर पुस्तकाची पीडीएफ टाकली, तर ती ‘चोरी’ म्हणायची का?

कायद्याच्या भाषेत नाही. चोरीत जंगम वस्तू मालकाच्या ताब्यातून जाते. पीडीएफ फिरली तरी मूळ पुस्तक जागेवरच असतं. म्हणून १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्काचं ‘उल्लंघन’ म्हटलंय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८५ मध्ये डाउलिंग खटल्यात हा फरक केला होता.

पण चोरी नाही म्हणजे ‘चालतंय की’ असं नाही. याच कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. कमाईसाठी केलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं.

इथे सांगलीत विश्रामबागेत स्पर्धा परीक्षेची पोरं मोबाईलवर जी पानं वाचतात, त्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा दिसतो. जेवणाच्या डब्याचे पैसे जुळवणाऱ्या त्या पोरांना ‘चोर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पण ज्याने खपून पुस्तक लिहिलं, त्याच्यासमोर ‘शेअरिंग’ म्हणणंही तितकंच खोटं. मी सरळ ‘विनापरवाना प्रत’ म्हणतो.

स्वतःच्या अभ्यासापुरती चार पानं झेरॉक्स काढली तर ते कलम ५२ मध्ये, म्हणजे कायद्याने दिलेल्या सवलतीत, बसू शकतं. अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकणं बसत नाही.