पद्मिनीसाठी ४८ हजारांची हत्यारं घ्यावीत का?

ठाण्याच्या एका वाचकांचा प्रश्न: वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे. चढावर दम टाकते, तेल खाते. गॅरेजवाल्याने इंजिन खोलून बांधायचे ७०,००० रुपये सांगितले. त्यापेक्षा स्पार्क प्लग काढायची, कॉम्प्रेशन मोजायची आणि लीक-डाउन तपासायची (सिलिंडरातली हवा कुठून गळते ते पाहायची) अशी सगळी हत्यारं असलेला ४८,००० चा परदेशी सेट १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊन घरीच काम शिकू का? गृहकर्ज चालू आहे आणि हाताशी जेमतेम एका महिन्याच्या खर्चाएवढी शिल्लक आहे.

नमस्कार. गाडी काढून टाका, असं मी सांगणार नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली वडिलांची गाडी चालती ठेवावीशी वाटणं अगदी रास्त आहे, आणि त्यासाठी खर्चाची तरतूद करता येते. पण हा सेट घेऊ नका. आणि ७०,००० ला होकारही इतक्यात देऊ नका.

तुमच्यापुढचा खरा खर्च ७०,००० चा आहे. तो गरजेचा आहे की नाही हे सांगणारं हत्यार म्हणजे सिलिंडरात किती दाब तयार होतो ते मोजणारं कॉम्प्रेशन गेज, आणि ते दीड-दोन हजारांत मिळतं. नुसतं रबर दाबून धरायचं घेऊ नका, प्लगच्या जागी आट्यांवर बसणारं घ्या. अडॅप्टर १४ मि.मी.चा हवा आणि त्याची लांबी तुमच्या प्लगशी ताडून पाहा. स्वस्त गेज आकडा थोडा इकडेतिकडे दाखवेल, पण आपल्याला चार सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करायची आहे. चूक चारही ठिकाणी सारखीच होणार, त्यामुळे तुलना खरी निघते. महागड्या गेजवर पैसे घालायचं कारण मला तरी दिसत नाही.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच स्टार्टर मारा. बॅटरी चार्ज असू द्या. आकडे लिहून ठेवा. फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असेल आणि चारही आकडे एकूण ठीक असतील, तर इंजिन उघडायची घाई नको. आधी कार्ब्युरेटर, पॉइंट (ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासून घ्या. हे काम काही हजारांत होतं. एखादा सिलिंडर बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. नाही आला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलंय, आणि तेवढ्यासाठी अख्खं इंजिन बांधायची गरज नसते. काढलेले प्लगही जपून पाहा: कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट काळा प्लग म्हणजे तेल वर चढतंय.

आता सेटचा हिशेब. प्लग बदलण्याची मजुरी वर्षाला हजार धरली, तरी ४८,००० वसूल व्हायला ४८ वर्षं लागतील. लीक-डाउन टेस्टरला कॉम्प्रेसर लागतो, तो खर्च वेगळाच. नो-कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी सहसा द्यावाच लागतो. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल आणि एखाद्या महिन्यात बिल थकलं, तर महिन्याला ३ ते ४ टक्क्यांनी व्याज चढतं. एका महिन्याच्या शिलकीवर दरमहा ४,००० चा नवा हप्ता घेणं मला धोक्याचं वाटतं. हत्यारांना गुंतवणूक समजू नका, हा शुद्ध खर्च आहे.

सध्या गेज, आत रबर असलेली २१ मि.मी.ची प्लगची गोटी (सॉकेट), एक्स्टेन्शन, रॅचेट आणि फीलर गेज (प्लगमधली फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एवढंच रोखीने घ्या. नाशिकच्या टपारियाचा रॅचेट घरच्या कामाला पुरून उरतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारलीत, तर सगळं मिळून चार-पाच हजारांत बसावं. टॉर्क पाना (ठरल्या जोराइतकंच आवळता येणारा) मात्र दुसऱ्या महिन्यात नक्की घ्या. पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. प्लग जास्त आवळून आटे गेले, तर वाचवलेली मजुरी एका झटक्यात जाईल. प्लग आधी हातानेच बसवा.

ईएमआयसाठी तयार ठेवलेले ४,००० दरमहा आवर्ती ठेवीत टाका. २०२७ मध्ये आरसीचं नूतनीकरण येईल. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांपुढच्या मोटारीला त्याचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, वर ग्रीन टॅक्स. हे दोन्ही भरून उरेल ती रक्कम आपत्कालीन निधीत जाऊ द्या. रिंगांचं काम खरंच निघालं, तर गेजचे आकडे घेऊन आणखी दोन गॅरेजांत विचारा आणि पार्ट व मजुरी वेगवेगळी लिहून मागा.