वाचक विचारतात : बोट पाण्यात खोल का बसते?

प्रश्न : माझ्याकडे सुमारे पंचवीस वर्षे जुनी, सोळा फुटी फायबरची मोटरबोट आहे. ती अलिबागकडून विकत घेऊन आम्ही इंदूरला आणली आणि सुट्टीच्या दिवशी महेश्वरला नर्मदेत उतरवतो. जुन्या रंगाची पाणरेषा पुढच्या बाजूला एक-दीड आणि मागच्या बाजूला चार बोटे पाण्याखाली जाते. पंप चालवला तर बादलीभरही पाणी निघत नाही. समुद्राच्या मानाने नदीचे पाणी हलके असल्यामुळे असे होते, असे एकजण म्हणतात. दुसऱ्यांच्या मते आधीच्या मालकाने बसवलेले नवे फोर-स्ट्रोक इंजिन जड आहे. नेमके कारण कसे शोधावे?

— एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन्ही कारणे खरी आहेत, परंतु दोन्ही मिळूनही आपल्या बोटीचा हिशेब पुरा होत नाही. एवढ्या बोटीचे पाण्यालगतचे क्षेत्रफळ साधारण पाच चौरस मीटर धरले, तर ती एक सेंटीमीटर खाली जाण्यासाठी सुमारे 50 किलो वजन लागते. आपण सांगितलेल्या खुणांवरून ती सरासरी पाच सेंटीमीटर खाली गेलेली दिसते, म्हणजे अडीचशे किलोंच्या आसपास वजन वाढले आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा केवळ अडीच टक्के जड असते; सहाशे किलोंच्या बोटीला त्यामुळे पडणारा फरक सेंटीमीटरच्या एक तृतीयांशाइतकाच. चाळीस अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा वीस-तीस किलोंनी जड असू शकते आणि ते अगदी मागे टांगलेले असल्याने मागचा भाग अधिक दबतो, हे मान्य. तरीही दोनशे किलोंहून अधिक वजन शिल्लक राहते.

माझा संशय तळफळीखालच्या, म्हणजे पाय ठेवण्याची फळी आणि बोटीचा तळ यांमधल्या पोकळीतल्या, फोमवर आहे. बोट बुडू नये म्हणून त्या बंद पोकळीत भरलेला पॉलियुरेथेन फोम वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की पाणी धरून ठेवतो, आणि हे पाणी पंपापर्यंत पोहोचतच नाही. संशय पडताळण्यासाठी बोट ट्रेलरसह धर्मकाट्यावर तोलावी, नंतर रिकामा ट्रेलर तोलावा. ट्रकांच्या काट्यावर दहा-वीस किलो इकडेतिकडे होतील, त्याने इथे बिघडत नाही. आलेल्या वजनातून इंजिन, बॅटरी आणि पेट्रोल (लिटरमागे सुमारे पाऊण किलो) वजा करावे. अशा उघड्या बोटीचे नुसते कवच साडेतीनशे ते साडेचारशे किलोंचे असते. आकडा त्याच्या फार पुढे गेला, तर मागच्या टोकाला, तळफळीच्या सर्वांत खालच्या जागी, दोन इंच व्यासाचे भोक पाडून फोमचा तुकडा तळापर्यंत काढावा. वरचा थर कोरडा निघाला म्हणून समाधान मानू नये, कारण पाणी खाली साठते. बोटीच्या बाहेरच्या तळाला मात्र भोके पाडू नयेत; फोममधले पाणी तशाने निथळत नाही आणि गळती तेवढी नवी लागते.

त्याच वेळी इंजिन अडकवलेली मागची उभी भिंत लाकडी हातोड्याने ठोकून पाहावी. आवाज बद्द आला किंवा स्क्रू काढल्यावर तपकिरी ओला भुसा निघाला, तर आतले प्लायवूड कुजले आहे; ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

फोम ओला निघाल्यास तळफळी कापून तो सगळा काढावाच लागतो. उन्हात ठेवून तो वाळत नाही. आतल्या लाकडी आधारपट्ट्या तपासून कवच पूर्ण कोरडे होऊ द्यावे, आणि नवा दोन द्रवांचा फोम ओतताना मधोमध पाणी मागे वाहून जाण्यासाठी नळी सोडावी. जुन्या बोटींत बहुधा हीच वाट नसते आणि सगळे दुखणे तिथून सुरू होते. हा फोम ओतल्यावर तापतो आणि फुगतो, म्हणून थोडा थोडा, मे महिन्यात काम काढल्यास भल्या सकाळी आणि मास्क लावून ओतावा. स्वस्त पडते म्हणून कोणी थर्माकोल सुचवील. पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन दोन्ही त्याला विरघळवतात.

हे काम होईपर्यंत बोटीत कोणी चढण्यापूर्वीच तीन-चार माणसे बसलेली आहेत असे धरून प्रवासी घ्यावेत, म्हणजे बहुधा घेऊच नयेत. मागची कड पाण्याच्या इतकी जवळ असताना वेग एकदम कमी केला, तर बोटीचीच लाट मागून आत येते.