मेल कोणी उघडला, हे वाचनालयाने पाहावं का?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे सुमारे 1,800 सभासद आहेत. दर महिन्याला नव्या पुस्तकांची यादी आम्ही ईमेलने पाठवतो. मेल कोणी, किती वाजता उघडला, कोणत्या पुस्तकावर क्लिक केलं, हे मेल पाठवणारी सेवा नावानिशी दाखवते. मेल न उघडणाऱ्यांना फोन करून विचारावं, असं कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं आहे. यात गैर काय?
– कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : फोन तर करूच नका, मुळात ही नोंद ठेवणंच थांबवा. मेलच्या तळाशी 1 बाय 1 पिक्सेलचं पारदर्शक चित्र असतं आणि त्याचा पत्ता प्रत्येक सभासदासाठी वेगळा. मेल उघडताच ते चित्र सेवेच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि वेळ नोंदली जाते. लिंकही आधी सेवेच्या पत्त्यावरून फिरून मग खऱ्या पानावर नेते. वर्गणी भरताना सभासदाने याला होकार दिलेला नसतो. घटस्फोटाच्या कायद्यावरच्या किंवा व्यसनमुक्तीवरच्या पुस्तकावर कोणी क्लिक केलं, हे नावासकट कार्यकारिणीसमोर यावं का? वाचक काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे, आणि वाचनालयाने तर ती प्राणपणाने जपायला हवी.

शिवाय ही माहिती भरवशाची नाही. ॲपलचं मेल ॲप 2021 पासून, वापरणाऱ्याने संरक्षण चालू केलं असेल तर, चित्रं परस्पर आधीच मागवून ठेवतं. न वाचलेला मेलही ‘उघडला’ दिसतो. उलट चित्रं बंद ठेवणाऱ्याने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली तरी तो तुमच्या ‘न उघडणाऱ्यां’त. फोन नेमका त्यालाच जाईल.

सेवेच्या सेटिंगमध्ये ‘ओपन ट्रॅकिंग’ आणि ‘क्लिक ट्रॅकिंग’ बहुधा वेगवेगळे असतात. दोन्ही बंद करा. मग स्वतःला एक मेल पाठवून संगणकावर लिंकवर माउस न्या. खाली तुमच्या संकेतस्थळाऐवजी भलताच लांबलचक पत्ता दिसला, तर एक बटण अजून चालू आहे. जुन्या नोंदीही पुसून टाका. यादीचा उपयोग होतो का, हे त्या पुस्तकांच्या देवघेवीवरून कळेलच.

‘मेल नको’ची लिंक ठळक ठेवा, लॉगिन मागू नका, कारण विचारू नका. ती सापडली नाही की माणूस ‘स्पॅम’ दाबतो. अशा तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवा, असं गूगल सांगतं. तुमचे सगळे सभासद जीमेलवर आहेत असं धरलं, तरी जेमतेम सहा जणांनी ते बटण दाबलं की मर्यादा ओलांडली; पुढचे मेल इतरांच्याही स्पॅममध्ये जाऊ लागतात. नको म्हणणाऱ्याचा पत्ता नुसता खोडू नका, ‘पाठवू नये’ यादीत टाका. नाहीतर पुढच्या वेळी सभासदांची एक्सेल चढवताना तो पुन्हा आत येतो. हे फार ठिकाणी घडतं, आणि सभासदाचा विश्वास इथेच उडतो.

प्रश्न : मेल घेणाऱ्याने ही पाळत कशी टाळावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘इमेजेस’ आहे, तिथे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडा. आयफोनवर मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी प्रोटेक्शन’ चालू करा. क्लिकची नोंद मात्र याने थांबत नाही. त्यासाठी लिंक न दाबता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा.