एकीला सुई, बाकीच्यांना धास्ती

प्रश्न : आमच्याकडे आठ गाई आणि तीन कालवडी आहेत. मागच्या लाळ-खुरकूत लसीकरणाच्या वेळी एक गाय खोड्यात फार धडपडली, पडली, जोरजोरात हंबरली. तेव्हापासून मोठी कालवड खोडा दिसला की मागे सरते. त्या दिवशी तिला कोणी हातही लावला नव्हता. असं का होतं? पुढच्या फेरीत काय करावं?

उत्तर : हात लावला नसेल, पण ती समोर बांधलेली होती आणि सगळं पाहत होती. कालवड खोडसाळ नाही. जे कळपात राहणाऱ्या कुठल्याही जनावरानं केलं असतं, तेच तिनं केलं.

याचा चांगला पुरावा माकडांवरच्या प्रयोगांतून मिळतो. 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी ते केले. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला भीत नव्हती. जंगलात वाढलेली माकडं साप पाहून घाबरतात हे त्यांना दाखवलं, तर थोड्याच वेळात तीही भिऊ लागली. साप त्यांच्या अंगाला लागलासुद्धा नव्हता. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. ज्या माकडांना आधी सापाजवळ निवांत बसलेलं माकड दाखवलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी नंतर घाबरलेलं माकड पाहूनही भीती घेतली नाही. म्हणजे भीतीचीही लस टोचता येते, फक्त ती आधी टोचावी लागते.

मोठ्या कालवडीची वेळ हुकली आहे, धाकट्या दोघींची कदाचित नसेल. लसीकरणाची वाट न पाहता आजपासूनच सुरुवात करा. गोठ्यातली सर्वांत शांत, वयस्क गाय खोड्यात न्या, तिथंच तिला आंबोण द्या, खाऊ द्या आणि बाहेर काढा. सुई नाही, आरडाओरडा नाही, शेपूट पिरगळणं तर नाहीच. कालवडी जवळ, त्यांना दिसेल अशा बांधा. काही दिवसांनी त्यांनाही तसंच आत न्या. मोठीला वेळ लागेल. ओढून नेलीत तर केलेलं वाया जाईल.

लसीकरणाच्या दिवशी आधी शांत जनावरं घ्या. झटापट करणारी गाय शेवटी, बाकीच्यांच्या नजरेआड घ्या. मात्र तिला एकटी दूर बांधून ठेवू नका, एकटेपणानंही गाय बिथरते. सोबतीला एखादी जुनी गाय असू द्या. नजरेआड केलं तरी वास उरतोच. 1998 मधल्या एका फ्रेंच अभ्यासात असं दिसलं, की घाबरलेल्या गुरांच्या मुताचा वास असेल तिथं कालवडी खाद्याकडे जायला कचरतात. म्हणून एखादं जनावर खोड्यात घाबरून मुतलं, तर पुढचं आत घेण्याआधी दोन बादल्या पाणी मारा. दोन मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही.

धार काढायची जागा आणि सुईची जागा एक ठेवू नका. गाय घाबरली की अंगात अॅड्रेनॅलिन वाढतं, पान्हा अडतो आणि दूध कासेतच राहतं. गाय ‘दूध चोरते’ अशी तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. आणि भीतीच्या कारणानं लस चुकवू नका. खुरकूत आली तर नुकसान कितीतरी मोठं.

एक गोष्ट मात्र वेगळी समजा. काहीही न घडता एखादं जनावर एकाएकी बुजू लागलं, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर ते पिसाळलेलं असू शकतं. तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

प्रश्न : मका पेरला की कावळे दाणे उकरतात. बुजगावण्याला अजिबात भीत नाहीत.

उत्तर : का भ्यावं? त्यानं आजवर कोणाचं काही वाकडं केलेलं नाही, आणि एक कावळा त्याच्या डोक्यावर बसला की बाकीच्यांना ते दिसतंच. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडले. पुढे त्या मुखवट्यावर न पकडलेले कावळे आणि पिल्लंसुद्धा ओरडू लागली. तुलनेसाठी वापरलेल्या, अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या मुखवट्यानं मात्र कोणाला पकडलं नव्हतं, म्हणून त्याच्याकडे फारसं लक्षही गेलं नाही.

म्हणून बुजगावणं वर्षभर उभं ठेवू नका. पेरणीच्या दिवशी लावा, दर एक-दोन दिवसांनी जागा आणि कपडे बदला, अधूनमधून तसेच कपडे घालून माणसानं स्वतः कावळे हाकलावेत. रोपं चांगली रुजली की ते काढून घरात ठेवा.